कानबाईच्या आत गाणी फोनवर यायला हवी होती: सिंकथिंगचा माझा अनुभव

धुळ्यात पाचकंदीलजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं, निवडणूक आली की हँडबिलं. दिवसभर मान खाली आणि बाजूला गाणी चालू. पंचवीस वर्षांत संगणक चार झाले, पण गाण्यांचा फोल्डर तोच, एका हार्डडिस्कवरून दुसरीवर येत राहिलेला. आज त्यात ४,२६० फायली आहेत, २९ जीबी. बरीचशी गाणी कुठेही मिळतील अशीच. पण दोनशेच्या आसपास अशी आहेत की ती माझ्याकडे नसतील तर कुणाकडेच नाहीत: आई, मावश्या आणि गल्लीतल्या बायांनी म्हटलेली आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, एका लग्नातली हळदीची गाणी. १९९१ साली साठ मिनिटांच्या कॅसेटींवर भरलेली. २००३ मध्ये टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये खुपसली आणि एमपीथ्री केली. मागे कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येतात.

हे सगळं फोनवर घ्यायचं, एवढंच काम होतं. कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि माझ्याकडे दीड महिना होता. पुरेल असं वाटलं होतं.

पहिला धडा एका मोबाइलच्या दुकानात मिळाला. नाव घेत नाही, पोरगा चांगला होता. मी पेनड्राइव्ह दिला, तीनशे रुपये दिले, संध्याकाळी फोन परत आला. घरी उघडतो तर गाणी सहाशेच. झालं असं की त्याने सगळे फोल्डर फोडून सगळी गाणी एकाच फोल्डरमध्ये ओतली होती. माझ्या बहुतेक फोल्डरमध्ये ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशीच नावं. प्रत्येक नवीन ट्रॅक ०१ येऊन जुन्या ट्रॅक ०१ च्या डोक्यावर बसला. शेवटी एकेका नावाचं एकच, शेवटचं गाणं उरलं. मूळ माल संगणकावर होता म्हणून वाचलो.

मग म्हटलं आपणच करू. घरातली केबल लावली, फोन चार्ज व्हायला लागला आणि संगणकाला त्याची दखलच नाही. अर्धा तास सेटिंग शोधण्यात गेला. केबल फक्त चार्जिंगची होती, आत डेटाच्या तारा नव्हत्याच. दुसरी केबल लावली, तरी फोन गप्प, कारण अँड्रॉइड ६ पासून फोन जोडला की तो आपणहून ‘फक्त चार्जिंग’वरच राहतो, वरून पडदा ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं. ते केलं, कॉपी सुरू झाली, आणि ७१ टक्क्यांवर येऊन हिरवी पट्टी जी थांबली ती थांबलीच. केबलवरून फायली जातात त्या एमटीपी नावाच्या पद्धतीने. त्यात फोन म्हणजे पेनड्राइव्ह नव्हे, एका वेळी एकच काम चालतं. शिवाय गेलेल्या फायलींवर तारीख पडली आजची, त्यामुळे काय गेलं आणि काय राहिलं हे तारखेवरून कळायचीही सोय राहिली नाही.

तेव्हा सिंकथिंगकडे वळलो. हे गाणी वाजवणारं ॲप नाही, हे आधी ध्यानात घ्या. संगणकावरचा एक फोल्डर आणि फोनवरचा एक फोल्डर सारखे ठेवणं, एवढं एकच काम ते करतं. फुकट आहे. तुमची गाणी कुणाच्या सर्व्हरवर जाऊन बसत नाहीत. घरच्या वायफायवर संगणक ते फोन, थेट. इंटरनेट बंद असलं तरी राउटर चालू असला की झालं. विंडोजवर एक काळी खिडकी उघडते आणि सगळा कारभार ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे ८३८४ या पत्त्यावर चालतो. दिसायला वीज मंडळाच्या साइटसारखं रुक्ष, पण चालतं. प्रत्येक यंत्राला ५६ अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, तो टायपायचा नाही, क्यूआर कोड दाखवायचा.

फोनसाठीचं मूळ ॲप आता शोधू नका. त्याची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि ते बंद झालं. सिंकथिंग-फोर्क नावाचं आहे ते घ्या. मी एफ-ड्रॉइड या फुकट ॲपांच्या साइटवरून घेतलं.

पहिली रात्र. साडेनऊला सुरू केलं, अकराला पाहतो तर काम ठप्प. फोनचा पडदा बंद झाला की बॅटरी वाचवायच्या नावाखाली फोन त्या ॲपचा गळा दाबत होता. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरीची बंधनं काढली, तेव्हा पुन्हा हलायला लागलं. मग पाऊणच्या सुमारास आमच्या देवपूर भागातली लाइट गेली. राउटर गेला, पंखा गेला, मी गच्चीवर जाऊन झोपलो. मनात म्हटलं, आता उद्या पहिल्यापासून. पण सकाळी बघतो तर लाइट आल्यावर ते गाडं आपणहून जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे निघालेलं. फायलीचे तुकडे करून ते पाठवतं, आलेले तुकडे जपून ठेवतं. सकाळी सातला ४,२६० पैकी ४,२६०. या एका गोष्टीसाठी मी याला पूर्ण मार्क देतो. धुळ्यात राहून लाइट न गेलेली रात्र गृहीत धरणारं सॉफ्टवेअर काय कामाचं?

आता माझी स्वतःची करणी. सुरुवातीला फोल्डर ‘पाठवा आणि घ्या’ अशा दुहेरी पद्धतीवर असतो. मी तो तसाच ठेवला. चार दिवसांनी फोनवर जागा कमी पडतेय म्हणून आखाजीच्या दोन कॅसेटी फोनवरून उडवल्या, संगणकावर आहेतच म्हणून. घरी येऊन पाहतो तर संगणकावरूनही गेलेल्या! त्याने सांगितलेलं काम केलं, दोन्हीकडे सारखं. घशाला कोरड पडली. नशिबाने बसवताना सहज म्हणून ‘कचरापेटी’ व्हर्जनिंगवर, म्हणजे उडवलेल्या फायली बाजूला जपून ठेवायच्या सोयीवर, टिचकी मारली होती. एसटीव्हर्जन्स नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये चाळीसच्या चाळीस गाणी सुखरूप बसलेली. त्या दिवशी संगणक ‘फक्त पाठवणारा’ केला, फोन ‘फक्त घेणारा’ केला, आणि एक वेगळी हार्डडिस्क घेऊन सगळं तिच्यावर उतरवून कपाटात ठेवलं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. स्वतःला सांगायचं राहिलं होतं.

फोनवर फायली आल्या, फाइल मॅनेजरमध्ये दिसतात, पण गाण्याच्या ॲपमध्ये अर्धी गायब. आई रोज विचारायची, “मना आवाज तठे शे ना?” आहे गं, पण दिसत नाही, हे तिला काय सांगणार. कारण सापडलं ते चिल्लर निघालं: जुन्या फोनच्या बॅकअपमधून ‘नोमीडिया’ नावाची एक रिकामी फाइल त्या फोल्डरमध्ये येऊन पडली होती. ती ज्या फोल्डरात असते तो आणि त्याच्या पोटातले सगळे फोल्डर अँड्रॉइड गाण्यांसाठी तपासतच नाही. नावाच्या आधी टिंब असल्यामुळे ती लपलेली राहते. उडवली, पुन्हा स्कॅन केलं, सगळं दिसलं. वाजवायला मी म्युझिकोलेट वापरतो. ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही आणि फोल्डरवार गाणी दाखवतं.

दिसलं, पण काय दिसलं! नावांच्या जागी रोमन अक्षरं, डॉलर, कंस आणि स्वल्पविरामांचा चिवडा. आता हे पाप माझ्याच धंद्याचं. २००३ साली मी गाणी वाजवायला विनॲम्प हे सॉफ्टवेअर वापरायचो आणि त्याच्या यादीचा फॉन्ट बदलून आमचा पत्रिकेचा मराठी फॉन्ट लावला होता. टॅगमध्ये, म्हणजे फायलीच्या आत गाण्याचं नाव लिहायच्या जागेत, नावं टायपली ती त्याच फॉन्टात. ते जुने फॉन्ट म्हणजे आत रोमन अक्षरांचेच कोड, वरून फक्त मराठी अंगरखा. फोनवर अंगरखा नाही, म्हणून आतलं उघडं पडलं.

इथे डीटीपीवाला असल्याचा फायदा झाला. एमपीथ्रीटॅग हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं, सगळ्या गाण्यांची नावं एका टेक्स्ट फायलीत काढली, जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणायला जो कन्व्हर्टर वापरतो त्यातून फिरवली आणि परत टॅगमध्ये भरली. ऐकायला सोपं आहे. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाकावी लागायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. कन्व्हर्टर चुकला की ‘गिरणा’ची ‘गरिणा’ होते. अशा गरिणा मी तीन संध्याकाळी हाताने सुधारल्या. काही नावं मधेच तुटलेली होती, कारण आयडीथ्री टॅगच्या पहिल्या आवृत्तीत नावाला फक्त ३० बाइट जागा असते, आणि जुन्या फॉन्टात एका जोडाक्षरालाच दोन-तीन लागतात.

आणि एक रिकामी ओळ. टेक्स्ट फायलीतली एक रिकामी ओळ मी फालतू समजून काढली. एमपीथ्रीटॅग ओळीला फाइल, ओळीला फाइल असं जुळवत जातं. त्यामुळे २१३ व्या गाण्यापासून पुढे प्रत्येकाला शेजाऱ्याचं नाव. हळदीच्या गाण्यावर गझलेचं नाव, गझलेवर भजनाचं. मावशी गातेय आणि पडद्यावर एका नामवंत शास्त्रीय गायकाचं नाव. आईला दाखवलं तर ती हसून हसून पलंगावर बसली, म्हणाली राहू दे असंच. मी राहू दिलं नाही. जुना टेक्स्ट घेऊन सगळं पुन्हा केलं, टॅग आयडीथ्री २.३ मध्ये यूटीएफ-१६ या युनिकोडच्या पद्धतीत ठेवून. सिंकथिंगने बदललेल्या फायली रात्रीत फोनवर नेऊन टाकल्या, मला केबल शोधावी लागली नाही.

प्लेलिस्टचंही थोडक्यात सांगतो. संगणकावरच्या एमथ्रीयू फायली फोनवर रिकाम्या दिसतात, कारण आत प्रत्येक गाण्याचा पत्ता ‘डी ड्राइव्ह’पासून लिहिलेला असतो आणि फोनला डी ड्राइव्ह ठाऊक नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सुरुवातीचा तो भाग काढा, उलट्या तिरक्या रेघा सुलट्या करा, यूटीएफ-८ मध्ये एमथ्रीयू८ म्हणून जतन करा. फोल्डरांना मी धुळ्याच्या गल्ल्यांसारखे नंबर दिलेत: ०१ कानबाई, ०२ आखाजी, ०३ हळद. आमच्याकडे गल्ली नंबर चार म्हटलं की माणूस बरोबर पोचतो, फोनही पोचतो.

आयफोनवाल्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. माझ्या मेहुण्याचा आहे. तो एका वेळी एकाच संगणकाच्या लायब्ररीशी सिंक होतो, दुसऱ्याशी करायला गेलात तर आधीची सिंक केलेली गाणी पुसायची परवानगी मागतो. मेहुण्याला मी व्हीएलसी घालून दिलं, त्यात वायफायवरून ब्राउझरमधून गाणी टाकता येतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बसवण्याच्या कटकटीसाठी; क्यूआर, फोल्डरचे प्रकार, बॅटरीची परवानगी, हे सगळं माझ्या बहिणीला एकटीला जमलं नसतं. बसल्यावर मात्र सात आठवड्यांत मी त्या खिडकीकडे दोनदाच पाहिलं.

कानबाईच्या रविवारी रोट भाजताना फोन ओट्यावर होता, आईच्या आवाजावर आईच बारीक गुणगुणत होती. सतरा गाण्यांची नावं अजून चिवड्यातच आहेत. ती कुठल्यातरी वेगळ्याच फॉन्टात टायपलेली दिसतात, माझ्या कन्व्हर्टरला दाद देत नाहीत. जुन्या सीड्यांच्या डब्यात तो फॉन्ट सापडतो का ते दिवाळीच्या सुट्टीत बघणार आहे.