थेंबवाली टेस्ट किट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माशांची साठ लिटरची टाकी, त्यात गप्पी आणि कोरी (कोरीडोरस, तळाशी फिरणारे छोटे मासे). पाणी तपासायला आधी रंग बदलणाऱ्या पट्ट्या वापरायचो, पण त्यांवरचे रंग एकमेकांत ओघळायचे आणि अमोनियाचा चौकोनच नव्हता. म्हणून थेंबवाली किट घेतली. तिच्यात पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते), अमोनिया (माशांच्या विष्ठेतून येणारं विष), नायट्राइट आणि नायट्रेट (जिवाणूंनी अमोनिया पचवल्यावर क्रमाने तयार होणारे पदार्थ) तपासता येतं.

तिसऱ्या महिन्यात तिची खरी किंमत कळली. फिल्टरचा स्पंज मी नळाखाली खळखळून धुतला होता. पाणी आरशासारखं नितळ होतं, तरी तिसऱ्या दिवशी गप्पी वर येऊन धापा टाकायला लागले. अमोनियाची नळी एरवी पिवळी राहते, ती हिरवी झाली. रंगांच्या कार्डावर पाहिलं तर 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग). अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः स्पंजात राहतात, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने तेच मेले होते. पुढे दहा दिवस रोज 30 टक्के पाणी काढून क्लोरीन घालवलेलं पाणी भरलं, खाणं निम्म्यावर आणलं. अमोनिया उतरला तोवर नायट्राइटची नळी जांभळी! ती पुन्हा आकाशी दिसली त्या रात्री शांत झोप लागली. आता स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो.

तक्रार नायट्रेटबद्दल आहे. दुसऱ्या बाटलीतला साका तळाशी घट्ट बसतो. ती अर्धा मिनिट जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर नळी एक मिनिट हलवायची, मग पाच मिनिटं थांबायचं. पत्रकात हे बारीक अक्षरांत आहे, बाटलीवर ठळक हवं होतं. दोन महिने मी बाटली नुसती हिंदकळवून 10 वाचत होतो. नीट हलवली तर 40! मासे एवढे दिवस त्या पाण्यात होते याचं फार वाईट वाटलं. दर आठवड्याला जास्त पाणी बदलायला लागल्यापासून आकडा 20 च्या आत आहे.

ट्यूबलाइटखाली अमोनियाचे 0 आणि 0.25 वेगळे ओळखू येत नाहीत. नळी दिवसाउजेडी खिडकीशी धरा, मागे पांढरं कार्ड ठेवा.

केएच (पीएच घसरू न देणारे पाण्यातले कार्बोनेट) तपासायची सोय सेटमध्ये नाही, तो संच वेगळा घ्यावा लागला आणि घ्यावाच. पीएच हळूहळू घसरत होता, कारण जिवाणू अमोनिया पचवताना केएच खातात. माझा 2 वर आला होता. फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवल्यापासून तपासणीतलं निळं पाणी पाचव्या थेंबाला पिवळं होतं, म्हणजे केएच 5.

नवी टाकी लावणाऱ्यांनी मासे आणण्याआधी किट आणावी, आणि बाटल्यांवरची मुदत बघून घ्यावी.