कडकनाथच्या नावाखाली रंगवलेली पिल्लं: १७,४०० रुपये गेले

मुळशी, भोर, हवेली भागात परसातल्या कोंबड्यांसाठी एक दिवसाची कडकनाथ, म्हणजे काळ्या मांसाच्या जातीची, पिल्लं शोधत असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. आम्हाला १७,४०० रुपयांना गंडवलंय. १०० पिल्लं ८५ रुपयांनी म्हणजे ८,५००, 'ऑटोमॅटिक' ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं खोकं) ६,४००, दोन 'खुडूक' म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबड्या ९०० प्रमाणे १,८०० आणि पोहोच ७००. त्यातले ९,००० आगाऊ यूपीआयने आणि ८,४०० माल हातात देताना रोख. विक्रेता पावती 'उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो' म्हणाला, ती आजवर आलेली नाही.

पिल्लं कडकनाथ नव्हतीच. लेअर म्हणजे अंड्यांसाठी पाळतात त्या जातीची नर पिल्लं काळ्या रंगात बुडवून दिली होती. हे नर अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे वजनही धरत नाहीत, म्हणून उबवणी केंद्रातून ते कवडीमोलाने बाहेर पडतात. जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवून विकतात तीच पिल्लं. 'शंभरात सत्तर माद्या' असं त्याने लिहून दिलं होतं. कडकनाथच्या एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग नुसतं बघून कळत नाही. गुदद्वार तपासून लिंग ओळखणारा सरावलेला माणूस लागतो. पंखांवरून नर-मादी ओळखण्याची युक्ती फक्त त्यासाठी खास तयार केलेल्या जातींत चालते. तेव्हा माद्यांची हमी कुणी देत असेल तर फोन तिथेच ठेवा.

माल रात्री, बायपासच्या कडेला, गाडीच्या दिव्यात दिला. खोक्याचं झाकण बोटभर उघडून दाखवलं आणि लगेच बंद केलं. 'थंडी लागेल, पिल्लं दगावतील' म्हणाला, आणि डिसेंबरच्या रात्री हे कुणालाही पटेल. पिल्लू गारठलं की तासाभरात मान टाकतं, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. आमच्या याच माहितीचा त्याने फायदा उचलला. त्या बोटभर फटीतून खाली अंथरलेला कागद दिसत होता आणि त्या कागदावर करडे-काळे ओले डाग होते. तो कागद राहून राहून डोळ्यांपुढे येतो. पिल्लांची शीट म्हणजे विष्ठा पांढरट किंवा तपकिरी असते, काळी शाई तिच्यातून येत नाही. तेवढ्या एका डागावर व्यवहार मोडायला हवा होता. पण खोक्यात शंभर जीव चिवचिवत होते, आणि अशा वेळी कोंबड्या पाळणारा कुठलाही माणूस आधी त्यांना ऊब द्यायचं बघतो.

खोकं उघडू देत नसेल तर पैसे देऊ नका, आणि उघडल्यावर पिल्लू हातात घ्या. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा. कडकनाथचा काळेपणा कातडीत, मांसात, हाडाच्या आवरणात असतो, म्हणून पिल्लाचं तोंडही आतून काळपट असतं. रंगवलेल्या पिल्लाचं तोंड आतून गुलाबी दिसतं, कारण तिथे रंग पोहोचत नाही. मग पोटावरची लव फुंकून बाजूला करा. कातडी काळपट-निळसर हवी, गुलाबी किंवा पिवळी नको. ओल्या पांढऱ्या फडक्याने पाय आणि पाठ पुसा. फडक्याला रंग लागला तर प्रश्नच मिटला. पक्का रंग असेल तर फडकं स्वच्छ राहील, पण पहिल्या आठवड्यात पंखांत फुटणारी नवी पिसं मुळाशी पांढरी निघतात. आमच्या पिल्लांना अशीच पांढरी पिसं फुटली, आणि तोवर त्याचा फोन बंद झाला होता. खऱ्या पिल्लाची लव निळसर ते काळी असते, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असतात. शंभरही पिल्लं सारखी कुळकुळीत काळी दिसली तर संशय घ्याच. आणि कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी असतं. 'काळं अंडं' विकणारा किंवा दाखवणारा माणूस खोटारडा आहे.

बेंबीही बघा. ती सुकून मिटलेली हवी. ओली, लालसर, वास मारणारी बेंबी म्हणजे आत न जिरलेल्या बलकात जंतू शिरलेत, आणि अशी पिल्लं पहिल्याच आठवड्यात पोट फुगून मरतात. आमची ३८ मेली, त्यातली बरीचशी अशी.

सोबत 'पूर्ण लसीकरण' असं छापलेलं कार्ड होतं. त्यावर मरेक्स, लासोटा, गंबोरो, देवी या सगळ्या लसींपुढे एकच तारीख होती. उबवणी केंद्रात पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली टोचतात ती मरेक्सची लस. मानमोडीसाठी लासोटा ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, गंबोरो १४ व्या दिवसाच्या आसपास आणि देवीची लस ६ ते ८ आठवड्यांनी द्यायची. कार्डावर लसीचा बॅच क्रमांक नसेल तर लस झालेलीच नाही असं धरा आणि लासोटापासून स्वतः सुरू करा.

खुडूक कोंबड्यांचीही तीच गत. 'कडकनाथ आईच पिल्लं सांभाळेल' असं तो म्हणाला होता. मुळात कडकनाथ क्वचितच रवणीला बसते, तिची अंडी इतर गावठी कोंबडीखाली उबवतात. खरी खुडूक कोंबडी ओळखायची तर छाती-पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडलेली असते, हात लावला की अंग फुगवून खुडखुडते, उचलून दूर ठेवली तर परत जागेवर येऊन बसते आणि दिवसातून एकदाच मोठी, घाण वासाची शीट टाकते. आम्हाला दिलेल्या दोघी पाय बांधून पोत्यात आणल्या होत्या. खरी खुडूक असती तरी अशा प्रवासात तिचं खुडूकपण मोडतं. या तर पिल्लं बघताच टोचायला धावल्या. परकी पिल्लं द्यायचीच असतील तर कोंबडी किमान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली हवी, पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत आणि रात्री अंधारात एकेक करून पंखाखाली सरकवायची. एका कोंबडीला १० ते १२ पुरे. सकाळी उजाडताच तिथे हजर राहा, ती टोचत असेल तर लगेच काढून घ्या.

सगळ्यात जास्त राग ब्रूडरचा येतो. ६,४०० रुपयांत प्लायवूडचं खोकं, ४० वॉटचे चार बल्ब आणि आकडे दाखवणारी डबी. साधा हिशेब पिल्लामागे २ वॉटचा असतो, म्हणजे शंभरांना २०० हवेत. इथे १६० होते, तेही थंडीत. डबीचा सेन्सर झाकणाला, बल्बच्या शेजारी चिकटवलेला. वर ९५ अंश फॅरनहाइट दाखवायचं आणि खाली पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरत होती. सेन्सर तुसाच्या वर दोन इंचांवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला हवा. पहिल्या आठवड्यात ९५, मग दर आठवड्याला ५ अंश कमी. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्णता, एकाच बाजूला सरकली तर वारा लागतोय. पत्र्याचा दीड फूट उंच गोल चिकगार्ड म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, तळाला दोन-तीन इंच भाताचं तूस, पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद, एवढं घरी उभं करा. तयार ब्रूडर विकत घेऊच नका. आणि वीज गेली की झाकण लावून आत शेगडी ठेवू नका, धुराने सगळी मरतात.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. पोलीस चौकीत 'माल मिळालाय ना? मग हा दिवाणी वाद' असं सांगून परत पाठवलं. दुसरीच जात रंगवून विकणं ही उघड फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे, हे आम्ही त्यांना सांगायचं! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, तर 'पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवले' असं उत्तर. रोख ८,४०० कुणी धरायलाच तयार नाही. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर 'धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही' म्हणाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल वगळलेला नाही, हे छापून समोर ठेवलं तेव्हा कुठे कागद घेतला. जनावरांच्या दवाखान्यात पिल्लांच्या जातीचा दाखला मागितला, तर 'असा दाखला आम्ही देत नाही.' मग पिल्लं कडकनाथ नाहीत हे लिहून देणार कोण? त्याच २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या कडकनाथ घोटाळ्यात राज्यभरातले शेतकरी बुडाले. एवढं होऊनही चौकीतल्या माणसाला कडकनाथ म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. त्याच विक्रेत्याची जाहिरात दुसऱ्या नावाने, त्याच फोटोंसह आजही चालू आहे.

पुण्यात पिल्लं घ्यायची तर आधी खडकीच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा. थांबावं लागलं तर थांबा. आणि असा माल आधीच घरात आला असेल, तर जुन्या कोंबड्यांपासून किमान तीन आठवडे लांब ठेवा, भांडी आणि चपलाही वेगळ्या. मेलेलं ताजं पिल्लू पिशवीत घालून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, आणि त्याच दिवशी औंधच्या पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात शवविच्छेदनाला द्या. अहवालाची प्रत, रंग लागलेलं फडकं, आतून गुलाबी तोंडाचा फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक एकत्र ठेवा. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.