खाऱ्या जमिनीसाठी घेतलेली मानकुराद आंब्याची कलमे: दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

गोव्यातील चोडण बेटावरचे आमचे भाट (बागायत) खाजनाच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधाला लागून आहे. मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची) दारे नीट बसली नाहीत की उधाणाचे पाणी आत शिरते आणि एप्रिलपर्यंत मातीवर मिठाची पांढरी साय धरते. या जागेसाठी मी तिसवाडीतील एका खासगी रोपवाटिकेतून मानकुरादची १२ कलमे घेतली. त्यांपैकी ६ रायवळ (कोयीपासून वाढणाऱ्या गावठी आंब्याच्या) खुंटावरची, तर ६ कुरुक्कन खुंटावरची होती. खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांकडचे रोप.

कुरुक्कन ही केरळची बहुभ्रूणी, म्हणजे एका कोयीत अनेक गर्भ असणारी, आंब्याची जात. रोपवाटिकेच्या मालकांनी तिची एक कोय माझ्यासमोर फोडून दाखवली. आत एकमेकांना चिकटलेले तीन गर्भ होते. अशी रोपे बहुतेक परागीकरणातून नव्हे, तर मातृवृक्षाच्याच ऊतींतून आलेली असतात, म्हणून ती आईची जनुकीय प्रत ठरतात. एकभ्रूणी रायवळाचे प्रत्येक रोप मात्र वेगळ्या संकराचे असल्याने एका ओळीतील दोन कलमेही मिठापुढे सारखी वागत नाहीत. इस्रायलमध्ये चुनखडीच्या आणि खाऱ्या जमिनीसाठी निवडलेला ‘१३-१’ हा खुंटही बहुभ्रूणीच आहे.

मीठ सोसण्याचा गुण एका जनुकावर ठरत नाही. सोडियम मुळांतच अडवणे, तो पेशींच्या रिक्तिकांत (आतल्या साठवणीच्या पिशव्यांत) कोंडून ठेवणे आणि क्लोराइडला पानांपर्यंत पोहोचू न देणे ही कामे निरनिराळी जनुके करतात. एचकेटी गटातील काही वाहक प्रथिने तर जलवाहिन्यांतून वर चाललेला सोडियम परत खेचून घेतात. यात कुठे कमी पडले तर पानांची टोके करपतात. गेल्या मे महिन्यात माझ्या रायवळ खुंटावरच्या चार कलमांची टोके तपकिरी होऊन कडेने खाली जळत गेली, पण कुरुक्कनवरच्या एकाच कलमावर ती खूण दिसली. १२ झाडे म्हणजे प्रयोग नव्हे, हे मला मान्य आहे; तरीही पुढची लागवड मी याच खुंटावर करीन.

कलम बांधण्याचे काम उत्तम होते आणि सांधे पक्के जुळले आहेत. तक्रार आहे ती नोंदीची. पावतीवर नुसते ‘मानकुराद कलम’ लिहिले होते, खुंटाचे नाव सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवर होते आणि पहिल्याच पावसात दोन चिठ्ठ्या गळून पडल्या. सुदैवाने लावतानाच मी जागांचा आराखडा वहीत काढून ठेवला होता. खाऱ्या जमिनीसाठी वेगळा दर घेऊन जो खुंट विकला जातो, त्याचे नाव पावतीवर असायलाच हवे. येत्या जूनमध्ये आणखी सहा कलमे घेताना मी ते आधी लिहून घेणार आहे.