सातवी-आठवीचं शिबिर : राजमाची की हरिश्चंद्रगड?

चाळीस मुलं, एक मुक्काम असेल तर राजमाची. लोणावळ्याहून चाल साधारण १५ किलोमीटर, पण बरीचशी सपाट. गडाखालच्या उधेवाडी गावात घरगुती जेवण, झोपायला छप्पर. मुख्य म्हणजे कोरड्या दिवसांत जीप गावापर्यंत येते, त्यामुळे ताप आलेल्या पोराला चालवावं लागत नाही. कर्जतच्या बाजूची, कोंढिवड्याची उभी चढण मात्र टाळा.

हरिश्चंद्रगड (१,४२४ मीटर) देखणा, वादच नाही. पण पाचनईची सोपी वाटही दोन-अडीच तासांची. पाय मुरगळला की उचलूनच उतरवायचं. गडावरचा कोकणकडा हा सुळका-कडा आत वळलेला, काठावर जाईपर्यंत खोली कळत नाही आणि मुलं पुढे सरकतातच. तिथे पाच मुलांमागे एक मोठा माणूस हवा. नववी-दहावीला डिसेंबरात, जाड पांघरुणासह, इथेच न्या.