मोबाईल स्टार्टर आठ महिने वापरून (हुरडा पार्टीसकट)

जूनमधी विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरीला सिमवालं स्टार्टर बसवलं, साडेचार हजार अन् वायरमनचे पाचशे वेगळे. मी राहतो परभणीत, आखाडा (शेतातलं घर) 22 किलोमीटरवर, अन् शेतीच्या लाइटीचं तुम्हाला माहितीच आहे, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, त्यात बी मधीच जाते. आधी रात्री एकला तीन फेज आले की बॅटरी घेऊन दारं धरायला पळा, थंडी एकीकडं अन् सापाविंचवाचं भ्या एकीकडं. आता गोधडीतूनच फोन लावायचा, पलीकडून बाई बोलते, एक दाबला की मोटर चालू. एवढ्यावरच पैसे फिटले, खोटं कशाला बोलू.

कटकटी पण आहेत. माझं मॉडेल टूजीचं, त्यात जिओचं सिम चालत नाही हे पेटी घरी आणल्यावर कळलं. रिचार्ज संपला की पेटी मुकी, दिवाळीत दोन दिवस वायरमनला शिव्या घातल्या अन् व्हॅलिडिटी माझीच संपलेली निघाली. ड्राय रनची, म्हणजे पाणी तुटलं की मोटर आपोआप बंद पडायची, सेटिंग मात्र स्वतः उभं राहून करून घ्या. माझी मोटर भरल्या पाण्यावर 9 अँपिअर घेते, पाणी तुटलं की 6 वर येते, आमच्या वायरमननं कट ठेवला 5 वर, मग बंद कशी पडणार? वीस मिनिटं हवा ओढत होती बिचारी. आता 7 वर ठेवलाय.

आता पार्टीचं. जानेवारीत मित्राच्या आखाड्यावर हुरडा होता, सेलूकडं. गोवऱ्याची आगटी, गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची अन् कवळे दाणे लसणाच्या चटणीसंगं तोंडात, वरून ताक, बोरं, ऊस. मित्राची आई उठूच देईना. लई दिवसांनी असा निवांत लोळलो बाभळीखाली. पण गंमत बघा, अकरा वाजता लाइट आली तसे आम्ही पाचच्या पाच जण चटणीच्या हातानं फोन काढून बसलो. कोणाची मोटर कापसाला, कोणाची गव्हाला, सगळ्यांची बाई एकच, "मोटर चालू आहे". माझी साडेनऊ अँपिअर दाखवायली होती, मी म्हणलं आज मोटर जोरात आहे, अन् पुन्हा आडवा झालो. दुपारभर दोनतीनदा विचारलं, प्रत्येक बारीला साडेनऊ.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा शेजारच्या आखाड्यावरच्या काकांचा फोन. "बापू, तुझ्या हरभऱ्यात बदकं सोडायची का?"

झालं असं की गव्हाकडं जाणाऱ्या स्प्रिंकलर पाइपाचा एक कपलर (दोन पाइपांचा जोड) हरभऱ्याच्या वरच्या अंगाला निघाला होता. पाणी वर चढवायचंच राहिलं नाही, म्हणून मोटर उलट जास्तच ओढायली, अँपिअर त्याच्यामुळं चढलेला, अन् मी तिकडं खुश. स्टार्टरची काही चूक नाही, त्याला फेज कळतो, करंट कळतो, पाणी कुठं चाललंय ते त्याला कोण सांगणार? घाटे भरायच्या टायमाला हरभऱ्याला इतकं पाणी झालं की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको, पाचसहा गुंठे पार वाया गेला. काका म्हणे सकाळीच बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, अन् बघायला मी अकरा दिवस शेतात गेलोच नव्हतो. आधी एक दिवसाआड जायचो, तेव्हा कपलर ढिला हायका ते पायानं दाबूनच कळायचं.

स्टार्टर काढणार नाही, रात्रीची झोप परत विकायची नाही मला. घेणाराने थोडे पैसे वाढवून फोरजीवालं घ्यावं, अन् रिचार्ज वर्षाचा मारून टाकावा. कपलरची रबर रिंग 30 रुपयाची निघाली, तेवढ्यासाठी गाडीत पेट्रोल टाकून जावंच लागलं, अन् चिखलात गुडघ्याएवढा रुतलो ते वेगळंच.