कॅज्युअल्टीला एक तारा, तोही सिस्टरांमुळे

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. शहरातल्यांना कळेल ते कळेल.

संध्याकाळी गिरणी चालू असतानाच ह्यांना गरगरायला लागलं. पोत्यावरच बसले, उलट्या सुरू झाल्या, उचकी थांबेना. शेजारच्या पोराने रिक्षा आणली आणि तासाच्या आत आम्ही कॅज्युअल्टीत. दारावर हा एवढा बोर्ड: स्ट्रोक युनिट, चोवीस तास सेवा.

ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. बीपी घेतलं, हसायला लावलं, हात वर करायला लावले. तोंड वाकडं नाही, हात खाली येत नाही, बोलणं स्पष्ट. सीटी स्कॅन केला, तोही नॉर्मल. "काकू, घाबरू नका, पित्त चढलंय." उलटीचं इंजेक्शन, सलाईन, चक्करच्या गोळ्या. मी म्हणत होते, अहो, डावीकडे झोक जातोय ह्यांचा, धरल्याशिवाय उभं राहवत नाही. तर म्हणे सलाईन संपलं की थांबेल. आत नेलं व्हीलचेअरवरून, रात्री बाहेर आणलं तेही व्हीलचेअरवरून. चार पावलं चालून दाखवा, असं कुठला डॉक्टर म्हणाला नाही. बिल मात्र झटक्यात तयार. कँटीनचा उपमा चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

पहाटे ह्यांना पाण्याचा घोट गिळता येईना. दुसरीकडे नेलं, एमआरआय झाला. लहान मेंदूला आणि मेंदूच्या देठाला रक्त नेणारी नस गुठळीने बंद पडली होती. सूज चढली तर कवटी उघडावी लागेल म्हणून आयसीयूत ठेवलं. ती वेळ आली नाही, पण नाकातली नळी बरेच दिवस राहिली. आता काठी घेऊन चालतात, आवाज घोगरा झालाय, गिरणी दीर बघतात.

तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी नीट समजावलं. मेंदूच्या मागच्या भागातल्या स्ट्रोकमध्ये तोंड वाकडं होईलच, हात लुळा पडेलच असं नसतं. चक्कर, उलटी आणि तोल जाणं एवढंच दिसू शकतं. साध्या सीटीत रक्तस्राव लगेच दिसतो, पण गुठळीने झालेलं नुकसान पहिल्या काही तासांत, त्यातही लहान मेंदूतलं, बऱ्याचदा दिसत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दिलं असतं तर हे खडखडीत बरे झालेच असते, असं मात्र ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. त्या रात्री विचार तरी व्हायला हवा होता.

केसपेपर मागितले तर रेकॉर्डवाले "उद्या या, परवा या". मग लेखी अर्ज दिला, पोच घेतली. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत 72 तासांत कागद द्यायचे म्हटलंय, ते अर्जातच लिहिलं. कागद मिळाले. डॉक्टरांच्या पानावर लिहिलंय, चाल नॉर्मल. नर्सिंग शीटवर त्याच रात्रीची निळ्या शाईतली ओळ: "बाथरूमला नेताना रुग्ण डावीकडे कलतो, आधार लागतो. डॉक्टरांना कळवले." खाली सही, वेळ. तो एक तारा ह्या ओळीचा.

वकिलांनी आधीच बजावलंय की निदान चुकलं म्हणजे लगेच निष्काळजीपणा ठरत नाही, जेकब मॅथ्यू खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये तसं म्हटलंय. बरोबर आहे. पण न चालवता चाल नॉर्मल लिहिली, हे चुकलेलं निदान कसं?

हॉस्पिटलमधून एका बाईंचा गोड आवाजात फोन आला होता, फिजिओथेरपी फुकट करून देतो, तक्रारीचं बसून मिटवू. तारीख लागलीय, तिथेच बसू म्हटलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर फाईल मागताना नर्सिंग शीट वेगळी नाव घेऊन मागा. मला दिलेल्या पहिल्या गठ्ठ्यात ती नव्हती.