घोस्ट रिकन ब्रेकपॉइंट : काही महिन्यांच्या सलग वापरानंतर

युबिसॉफ्टचा ‘घोस्ट रिकन ब्रेकपॉइंट’ हा सैनिकी गोळीबाराचा गेम ४ ऑक्टोबर २०१९ रोजी आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याच महिन्यात कंपनीचे प्रमुख इव्ह गिलमो यांनी गेमला मिळालेला प्रतिसाद आणि त्याची विक्री, दोन्ही अपेक्षेपेक्षा फारच कमी असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि ‘वॉच डॉग्ज लीजन’सह तीन नियोजित गेम पुढे ढकलले. मी त्या सुमारास हा गेम थोडा खेळून बाजूला ठेवला होता. गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा उतरवून घेतला आणि तेव्हापासून परभणीच्या घरी रात्रीचा जो मोकळा वेळ मिळतो तो बहुतेक याच गेमला दिला आहे. मधल्या काळात यात नवे बरेच काही आले, पण त्याची खरी सुधारणा आधी भरलेल्या गोष्टी काढून टाकण्याची मुभा खेळणाऱ्याला मिळाल्यामुळे झाली, असे माझे मत आहे. ही मुभा पुरेपूर वापरली तर हा गेम उत्तम आहे. न वापरता खेळलात तर तो अजूनही २०१९ साली होता तसाच लागेल.

मूळ दोष कशात होता हे आधी नीट पाहायला हवे. याच मालिकेतल्या २०१७ च्या ‘वाइल्डलँड्स’मध्ये बोलिव्हियातील अमली पदार्थांच्या टोळीविरुद्ध चौघांचे पथक लढत असे. एकटे खेळत असलात तरी संगणकाने चालवलेले तीन साथीदार सोबत असत. ब्रेकपॉइंटने सुरुवातीला हे साथीदारच काढून घेतले. त्यांच्या जागी प्रत्येक बंदुकीला, टोपीला आणि हातमोज्याला ताकद दाखवणारे आकडे चिकटवले. पडलेली प्रत्येक पेटी उघडायची, थोड्या मोठ्या आकड्याची बंदूक घ्यायची, हातातली आवडती बंदूक टाकून द्यायची आणि पुढच्या पेटीपाशी पुन्हा तेच करायचे. ही पद्धत लूट गोळा करण्याच्या इतर गेममध्ये शोभते, कारण तिथे शत्रूची ताकदही त्याच आकड्यांवर बेतलेली असते. इथे मात्र माणसाच्या डोक्यात अचूक बसलेली गोळी पहिल्यापासून एकाच फटक्यात काम करीत होती, त्यामुळे त्या आकड्यांना ड्रोनशी लढताना सोडले तर फारसा अर्थ उरत नव्हता. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे दुकान आणि सुरुवातीचे असंख्य तांत्रिक दोष यांची भर पडली, आणि शत्रूच्या मुलखात एकाकी अडकलेल्या सैनिकाची गोष्ट सांगणाऱ्या या गेममध्ये एरेव्हॉन नावाच्या गुप्त गुहेत शिरताच आपल्यासारखेच डझनभर ‘एकाकी’ सैनिक, म्हणजे इतर खेळाडू, इकडून तिकडे धावताना दिसू लागले.

मार्च २०२० मध्ये ‘घोस्ट एक्सपीरिअन्स’ हे अपडेट आले आणि इथून गेम बदलू लागला. त्यात आकड्यांची ती संपूर्ण व्यवस्था बंद करता येते. पाठीवर दोनऐवजी एकच मोठी बंदूक ठेवता येते, मॅगझिन बदलताना त्यात उरलेल्या गोळ्या वाया जातील असे ठरवता येते, बँडेजची संख्या मर्यादित करता येते, जखमी होण्याची शक्यता वाढवता येते आणि पडद्यावरच्या खुणा एकेक करून घालवता येतात. जुलै २०२० मध्ये साथीदारही परतले : फ्यूरी, फिक्सिट आणि वसीली. ते नको असतील तर त्यांनाही बंद ठेवता येते. माझी शिफारस अशी, की तयार संचांपैकी ‘इमर्सिव्ह’ हा संच निवडून सुरुवात करावी, छोटा नकाशा बंद करावा, ध्येयाची जागा थेट दाखवणारी मार्गदर्शित पद्धत सोडून ‘एक्सप्लोरेशन’ पद्धत घ्यावी आणि दोन-तीन रात्री खेळून झाल्यावरच उरलेल्या बाबींना हात लावावा. सगळे एकदम कडक केले तर चिडचिड होते आणि गेमचा स्वभाव कळायच्या आत माणूस तो बंद करतो.

असा मांडून घेतला की या गेममधली सर्वांत मोलाची गोष्ट समोर येते, ती म्हणजे जमीन. ऑरोआ हे प्रशांत महासागरातले काल्पनिक बेट आहे. त्यात दलदल आहे, बर्फाचे डोंगर आहेत, घनदाट जंगल आहे आणि स्केल टेक्नॉलॉजी या कंपनीने वसवलेली काचेची वस्तीही आहे. बहुतेक ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या नकाशावर हवे तिथे फिरू देणाऱ्या, गेममध्ये डोंगर ही केवळ दोन ठिकाणांमधली अडचण असते आणि नायक त्यावरून सपाट रस्त्यासारखा पळत सुटतो. इथे चढावर दम संपतो. दम संपलेला असताना तीव्र उतारावर पाय टाकला की नोमॅड, म्हणजे आपण खेळतो तो सैनिक, घसरतो, गडगडत खाली जातो आणि बऱ्याचदा जखमी होतो. पावसाळ्यात बालाघाटच्या डोंगररांगेतून पायवाटेने ज्याने उतरून पाहिले आहे, त्याला मुरमाड उतारावर तिरपे पाय टाकत, झाडाझुडपांचा आधार घेत येण्याची ती सवय इथेही उपयोगी पडते. जखम गंभीर असेल तर धावता येत नाही, मोठी बंदूकही चालवता येत नाही, फक्त पिस्तूल हातात राहते आणि आडोसा शोधून पट्टी बांधीपर्यंत तसेच लंगडत राहावे लागते. दमाची कमाल मर्यादा श्रमाने हळूहळू घटत जाते आणि ती भरून काढण्यासाठी पाणी प्यावे लागते. बाटली रिकामी झाली की ओढ्यावर किंवा तळ्यावर जाऊन ती भरावी लागते. यामुळे नकाशावर पाणी कुठे आहे याकडे मी लक्ष देऊ लागलो, आणि गोळीबाराच्या दुसऱ्या कोणत्याही गेमने मला हे करायला लावले नव्हते.

मुक्कामाची व्यवस्थाही याच विचारातून आलेली आहे. ठिकठिकाणी बिव्हॅक नावाच्या आडोशाच्या जागा आहेत. तिथे थांबून खाणे, पाणी पिणे, अंग मोकळे करणे किंवा शस्त्र साफ करणे यांपैकी एक तयारी निवडता येते आणि तिचा फायदा पुढे काही काळ टिकतो. निघण्याची वेळही ठरवता येते. मी बहुतेक वेळा पहाटे तळाजवळ पोहोचायचे आणि दिवसभर टेहळणी करून अंधार पडल्यावर आत शिरायचे असे करतो. एक्सप्लोरेशन पद्धतीत ध्येयाची जागा खुणेने दाखवलेली नसते. अमुक प्रदेशात, तमुक तळ्याच्या पूर्वेला, असे वर्णन हाती पडते आणि नकाशावर बोट ठेवून ती जागा आपल्याला काढावी लागते. कोणत्या धारेवरून जावे, वारंवार जाणाऱ्या हेलिकॉप्टरपासून कुठे लपावे, परतताना गाडी कुठे असावी, हे सगळे आधी ठरवावे लागते. मध्येच अझ्राएल हे टेहळणी ड्रोन डोक्यावरून जाते. त्या वेळी जमिनीवर आडवे पडून अंगावर माती आणि पाने ओढून घ्यावी लागतात. त्याने पाहिले तर वुल्व्ह्ज या शत्रूच्या सर्वांत कडव्या तुकडीला तुमची जागा कळते, आणि एकच बंदूक व मोजक्या पट्ट्या घेऊन त्यांच्याशी उघड्यावर लढणे जवळजवळ अशक्य असते. पाने अंगावर घेऊन पडून राहण्याचे ते काही क्षण मला कोणत्याही मोठ्या लढाईपेक्षा अधिक आवडतात.

शत्रूची बुद्धी मात्र अजूनही सामान्यच आहे. एका माणसाला पाडले की त्याचा शेजारी बऱ्याचदा ठरावीक वाटेने येतो आणि त्याच जागी सापडतो. हे झाकण्यासाठी मी दिवसाउजेडी तळ घेणे टाळतो, साथीदार बंद ठेवतो आणि एकाच वेळी अनेकांना टिपणारी सिंक शॉटची सोयही वापरत नाही. ज्यांना पथकाचे नेतृत्व करणे आवडते त्यांना साथीदार उपयोगी पडतील, कारण आज्ञा ते बिनचूक पाळतात आणि पडल्यावर उठवायलाही येतात. परंतु त्यांच्यामुळे गेम एवढा सोपा होतो की भूभागाचे महत्त्वच उरत नाही.

कथेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जॉन बर्नथल याने साकारलेला कोल वॉकर हा फितूर झालेला जुना सहकारी दमदार आहे, पण त्याच्या वाट्याला प्रसंग कमी आणि संवाद ठोकळेबाज आले आहेत. कामांचा फलक तर इतका गजबजलेला आहे, की मुख्य धागा कोणता हे शोधण्यातच वेळ जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेले ‘ऑपरेशन मदरलँड’ हे अपडेट मला कथेपेक्षा सरस वाटले. त्यात बेटाचा एकेक प्रदेश शत्रूकडून सोडवायचा असतो आणि सोडवलेल्या भागात कोण फिरते आहे हे खरोखर बदलते. माझ्या मते नव्याने येणाऱ्याने कथेचा सुरुवातीचा भाग संपवून शस्त्रे व कौशल्ये हाताशी आली की लवकरात लवकर मदरलँडकडे वळावे.

आता सर्वांत गंभीर मर्यादा. हा गेम एकट्याने खेळतानाही इंटरनेटशी सतत जोडलेला राहावा लागतो. संपर्क तुटला की तो सुरुवातीच्या पडद्यावर आणून सोडतो, आणि तासभर रांगत जाऊन अर्धा मोकळा केलेला तळ परत गेल्यावर पहिल्यासारखा भरलेला असतो. मोठ्या शहरात याचे फारसे काही वाटणार नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात डीपी जळते, वळवाच्या पावसात तारा तुटतात, लाईट तासन्‌तास येत नाही. घरी इन्व्हर्टर असला तरी गल्लीच्या टोकाला असलेला इंटरनेटवाल्याचा डबा त्याच लाईटवर चालत असतो. तो बंद पडला की घरात वीज असूनही गेम चालत नाही. माझा आतेभाऊ लातूरला असतो आणि आम्ही दोघे अनेकदा एकत्र खेळतो. त्याच्याकडचा पाऊस सुरू झाला की माझ्याकडे आभाळ कोरडे असतानाही खेळ तिथेच थांबतो. यावर मी काढलेला उपाय असा, की संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यायचे, मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहायचा आणि वारे सुटले की मोठ्या तळाला हात न लावता मोकळ्या रानात भटकंती करायची. खेळताना डेटा फारसा लागत नाही, त्यामुळे मोबाइलच्या रोजच्या डेटातही काम भागते. मात्र गेम मुळात उतरवून घेण्यासाठी चांगली लाईन लागतेच, आणि ते काम मी रात्रभर चालू ठेवून करतो.

या अटीचा दुसरा परिणाम आणखी दूरचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने याच गेममध्ये क्रमांक दिलेल्या डिजिटल वस्तू (एनएफटी) आणण्याचा प्रयोग केला, खेळाडूंनी त्याला कडाडून विरोध केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये यापुढे नवा मजकूर येणार नाही, सर्व्हर मात्र चालू राहतील, असे जाहीर झाले. सर्व्हर चालू आहेत तोवर ठीक आहे. पण याच कंपनीच्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला तो गेम एकट्यानेही खेळता येईना. ब्रेकपॉइंटमध्ये भूभागावर एवढे कष्ट घेतलेले आहेत की तो एखाद्या दिवशी असाच नाहीसा व्हावा हे मला मनापासून खटकते. विकास थांबवताना इंटरनेटविना खेळण्याची सोय देणारे एक शेवटचे अपडेट काढायला हवे होते, आणि ते अजूनही काढावे असे माझे ठाम मत आहे.

संगणकाविषयी थोडे. किमान ८ जीबी रॅम लागते, पण त्यावर घाट उतरताना किंवा हेलिकॉप्टरने जाताना अडखळल्यासारखे होते. १६ जीबी आणि एसएसडी असेल तर ही अडचण राहत नाही. गेम सुरू करताना व्हल्कन या चित्रण-प्रणालीचा पर्याय मिळतो, तो माझ्या मध्यम ताकदीच्या ग्राफिक्स कार्डावर अधिक सुरळीत चालला. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो आणि खोली रात्रीही तापलेली राहते, म्हणून मी फ्रेमची संख्या सेकंदाला साठवर बांधून टाकली, गवताचा तपशील एक पायरी खाली आणला आणि सावल्या मध्यम ठेवल्या. दिसण्यात फारसा फरक पडला नाही, पंख्यांचा आवाज आणि उष्णता मात्र बरीच कमी झाली.

घ्यायचाच असेल तर पूर्ण किमतीला घेऊ नये. सवलतीत तो वरचेवर फार स्वस्त मिळतो. ऑपरेशन मदरलँड सगळ्यांना मोफत आहे, म्हणून सुरुवातीला साधी आवृत्ती पुरते. दुकानातल्या पैशांच्या वस्तूंकडे वळूनही पाहण्याची गरज नाही, कारण आकड्यांची व्यवस्था बंद केल्यावर त्यांचा खेळावर कसलाच परिणाम होत नाही. गोलेम बेटावरची रेड, म्हणजे चौघांनी मिळून करायची अवघड मोहीम, मात्र जुन्या आकड्यांच्या व्यवस्थेवरच चालते आणि तिच्यासाठी वेळ देणारे चार जण जमवावे लागतात, त्यामुळे मी ती सोडून दिली आहे. सध्या मदरलँडमधला बर्फाळ उत्तर भाग उरला आहे. तिथे आडोसा कमी असल्याने मी नेहमीच्या बंदुकीऐवजी दुर्बिणीची बंदूक घेऊन, पांढरे कपडे घालून, रात्रीच्या वेळी तो सोडवतो आहे.